लाइट घेऊन साडेतीन वर्षे झाली, मान आता आखडली : एका टेम्पोचालकाचे प्रकरण

"मान लाकूड झालीय. उजवीकडं कशीबशी फिरते, पण डावा आरसा बघायचा तर कमरेतनं वळावं लागतंय." नारायणगावचा टोमॅटो माळशेज उतरून वाशी मार्केटला नेणाऱ्या ४८ वर्षांच्या टेम्पोचालकाची मुख्य तक्रार ही होती. दुखण्याबद्दल ते फारसे बोलत नव्हते. विचारल्यावर म्हणाले, दुखत नाही, ओढ बसते. तोंडाच्या कॅन्सरसाठी 'लाइट', म्हणजे किरणोपचार, घेतल्यावर आखडलेल्या मानेत हा फरक महत्त्वाचा आहे, म्हणून सुरुवातीलाच नोंदवला.

(हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचे नाही. तोंडाच्या कॅन्सरनंतर मान आखडून येणाऱ्या रुग्णांत जे पुन्हा पुन्हा दिसते ते एकत्र करून ते बांधले आहे. मोजमापे उदाहरणादाखल असली, तरी प्रत्यक्षात दिसतात त्याच पट्ट्यातली आहेत.)

वीस वर्षे तंबाखू-चुना आणि सुपारी. डाव्या गालाच्या आत जखम, ती बरी होईना, तपासणीत कॅन्सर निघाला. शस्त्रक्रियेत गालाचा आणि खालच्या जबड्याचा भाग काढला, मानेच्या डाव्या बाजूच्या गाठी काढल्या आणि छातीचा मोठा स्नायू त्वचेसकट फिरवून गालातली जागा भरली. पुढे किरणोपचाराचे रोज २ ग्रे (किरणांच्या मात्रेचे माप), आठवड्यातून पाच दिवस, असे ३० शेक झाले : ६ आठवड्यांत ६० ग्रे. गावाकडे याला 'लाइट मारली' म्हणतात. लाइट चालू असताना कातडी काळवंडली, सोलली, महिन्याभरात बरी झाली. पुढचे आठ-नऊ महिने मान ठीक होती. त्यानंतर ती हळूहळू आवळत गेली.

लाइट संपून वर्ष होत आले की मान कशी आखडते, हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो. किरणांनी कातडीखालच्या आणि स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. जखम भरून काढणाऱ्या पेशींना काम थांबवायचा निरोपच पोचत नाही, त्या कोलॅजेनचे (ऊतीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे) धागे विणतच राहतात. निरोगी ऊतीत हे धागे ओढीच्या दिशेने लागलेले असतात, इथे गुंतलेल्या सुतळीसारखा लगदा होतो. डॉक्टर याला फायब्रोसिस म्हणतात. ही प्रक्रिया महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. व्यायामाने हा लगदा विरघळत नाही. त्याच्या आजूबाजूचे जे अजून हलते आहे ते हलते ठेवणे आणि नवी आवळण मंदावणे एवढेच हाती असते. रुग्णाला हे पहिल्याच दिवशी सांगावे, नाहीतर तिसऱ्या महिन्यात तो "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतो.

असे रुग्ण आता जास्त दिसतात, त्यामागचे एक कारण चांगले आहे. गाठी हाताला लागत नसल्या तरी तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मान साफ करावी का, म्हणजे मानेतल्या गाठी काढाव्यात का, यावर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये मोठी चाचणी झाली. २०१५ साली निष्कर्ष आले : मान आधीच साफ केलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते, थांबून, गाठ आली तरच साफ करायचे ठरलेल्यांपैकी ६७.५ टक्के. तेव्हापासून मानेवर शस्त्रक्रिया झालेली आणि पुढे बरीच वर्षे जगणारी माणसे वाढली. ऑपरेशन आणि लाइट दोन्ही झालेली मान नुसत्या लाइटच्या मानेपेक्षा जास्त आखडते.

आमच्याकडे येण्याआधी काय काय झाले होते

सलूनमध्ये दाढीनंतर दोनदा मान मोडून घेतली होती. 'कट्ट' आवाज आल्यावर दोन तास बरे वाटले. लाइट घेतलेल्या मानेत हा प्रकार खरोखर धोक्याचा आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमन्या किरणांनी कडक आणि पुढेपुढे अरुंद होऊ शकतात. झटक्याने त्यांचे अस्तर फाटले, तर अर्धांगवायूपर्यंत वेळ येऊ शकते. सलूनवाला असो, हाडवैद्य असो की मशीनवर मान ताणणारा असो, झटका कुणाकडूनही घेऊ नये.

गरम पाण्याच्या पिशवीने कॉलरबोनवर फोड आला होता. ऑपरेशनमध्ये कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात, तिथे चटका कळत नाही, आणि लाइट घेतलेल्या कातडीला रक्त कमी पोचत असल्याने भाजलेले लवकर भरतही नाही. हा फोड सुकायला पाच आठवडे लागले. फिजिओच्या मशीनचा अल्ट्रासाउंड किंवा डायथर्मीचा (विजेच्या लहरींनी खोलवर उष्णता देण्याचा) शेकही कॅन्सर झालेल्या जागेवर टाळतात. मशीन लावायच्या आधी "मला इथे लाइट दिली आहे" हे रुग्णाने स्वतःहून सांगावे, कारण चिठ्ठीवर ते लिहिलेले असेलच असे नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मानेचा पट्टा. मेडिकलमधून आणून चार महिने रोज वापरला. आखडलेल्या मानेला पट्टा बांधणे म्हणजे गंजत चाललेल्या बिजागरीला वरून खिळा ठोकणे. स्नायू आणखी दुबळे झाले, आणि पट्ट्याच्या वरच्या काठाशी हनुवटीखालची सूज अडकून राहू लागली.

आधी आजार परतला नाही ना, ते

मान आखडणे हे आजार उलटल्याचे पहिले लक्षणही असू शकते. म्हणून व्यायाम सुरू करण्याआधी कॅन्सर सर्जनकडून तपासणी करून घेतली. विचारायचे प्रश्न ठरलेले होते : आखडणे हळूहळू वाढले की गेल्या काही आठवड्यांत एकदम? नवी गाठ, कानात जाणारी कळ, बदललेला आवाज, रात्री झोपमोड करणारे दुखणे? हाताला मुंग्या किंवा बोटांत कमजोरी? मान खाली वाकवली की पाठीतून विजेसारखी चमक? ही चमक लाइट संपल्यावर दोन-चार महिन्यांत आली तर बहुधा आपोआप जाते. काही वर्षांनंतर नव्याने आली, किंवा सोबत पाय लटपटू लागले, तर मज्जारज्जू तपासावा लागतो.

यांच्याकडे यातले काही नव्हते. तपासणीत आणि स्कॅनमध्ये आजार परतलेला दिसला नाही. धमन्यांच्या डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) डाव्या बाजूला थोडा थर दिसला, उपचाराइतका नाही. पण त्या ठिकाणी खोल दाब द्यायचा नाही हे पक्के झाले. रक्तात टीएसएच (थायरॉइड मंदावले की वाढणारे संप्रेरक) १४ निघाले, म्हणजे बरेच जास्त. मानेला लाइट मिळालेल्यांत थायरॉइड मंदावणे अगदी सामान्य आहे, म्हणून दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच बघायचे असते. यांचे तीन वर्षांत एकदाही बघितले नव्हते. मंद थायरॉइडने स्नायू जड होतात, गोळे येतात, आणि सगळे खापर लाइटवर फुटते.

हाताला काय लागले

'मान आखडली' या एका शब्दाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांविरुद्धही जातात. म्हणून तपासणीला पाऊण तास दिला.

जबड्याखाली तीन बोटे रुंद पट्टा पाटासारखा कडक, कातडी चिमटीत येईना. कानामागून छातीच्या हाडाकडे येणारा डावा स्नायू दोरखंडासारखा ताठ. हनुवटीखाली मऊ सूज, बोट दाबून ठेवले की खड्डा राहायचा. सकाळी जास्त, दुपारपर्यंत कमी. गाठी काढल्याने लसिकेचा (ऊतींतून वाहणाऱ्या पातळ द्रवाचा, लिम्फचा) निचरा अडतो, त्याची ही सूज. आणि जांभई दिली की हनुवटीखाली गोळा यायचा, इतका की ते जांभई अर्ध्यात दाबून टाकत. हे रुग्ण आपणहून कधी सांगत नाहीत. विचारले की मात्र चेहरा उजळतो : "म्हणजे हे दुसऱ्यांनाही होतं?"

डावा खांदा खाली झुकलेला. स्वतःहून हात बाजूने ८५ अंश वर, धरून उचलला तर १४० पर्यंत सहज. खांद्याचा सांधाच आखडला असता तर धरूनही वर गेला नसता. म्हणजे दोष सांध्यात नव्हता. खांदा उचलून धरणाऱ्या स्नायूची नस ऑपरेशनमध्ये दुखावलेली होती. नस वाचवली तरी ती हाताळल्यामुळे मंदावते. अशा खांद्यावर २० किलोचे टोमॅटोचे क्रेट चढवले की फरा बाहेर येतो आणि दिवसअखेर मान ओढते. मानेची अर्धी तक्रार खांद्यात असते, आणि खांद्याकडे कुणी बघत नाही.

मोजमापे अशी : मान डावीकडे ३५ अंश, उजवीकडे ५०, निरोगी मान दोन्हीकडे ७० ते ८० वळते. मागे २०, उजव्या खांद्याकडे कलणे १५. तोंड समोरच्या दातांत २२ मिलिमीटर उघडत होते. ३५ च्या खाली गेले की तोंड आखडले असे धरतात. सुपारीने आधीच गाल ताठलेले, त्यात लाइट.

घरी मोजायला शिंप्याची टेप पुरते. भिंतीला पाठ, तीच खुर्ची, सकाळची तीच वेळ. मान वळवून हनुवटीपासून खांद्याच्या हाडाच्या टोकापर्यंत, आणि वर बघून हनुवटीपासून छातीच्या हाडावरच्या खळगीपर्यंत. दर रविवारी, वहीत. रोज मोजले तर माणूस आकडा वाढावा म्हणून ओढतो.

काय केले, कोणत्या क्रमाने

आधी सूज. ताण देण्यापूर्वी निचरा केला नाही तर कडक जागेवर ओढ बसते आणि सूज तिथेच राहते. पाच खोल श्वास पोटाने. मग दोन्ही काखांत तळहाताने हळू गोल दहा वेळा, कारण लसिका वळवायची आहे तिथले दार आधी उघडायला हवे. मग हनुवटीखालून, कापलेली जागा चुकवून, मानेच्या मागच्या बाजूने खाली काखेकडे. दाब किती? दुधावरची साय सुरकुतेल पण फाटणार नाही इतका. कातडी सरकली पाहिजे, लाल होता कामा नये. पाच-सात मिनिटे, सकाळी उठल्यावर. ताप असेल, कातडी लाल-गरम असेल तर त्या दिवशी नाही, आधी डॉक्टर.

मग व्रण. दोन बोटे व्रणावर ठेवून वर-खाली, आडवे, गोल. बोटे कातडीवर घसरू न देता कातडीच हलवायची. म्हणून तेल इथे लावायचे नाही, झाल्यावर खोबरेल चालते. धमनीची ठोके लागणारी जागा सोडून.

त्यानंतर ताण, खुर्चीवर बसून :

मान डावीकडे वळवून हनुवटी खांद्याकडे, ३० सेकंद, तीन वेळा. तसेच उजवीकडे.

उजवा कान उजव्या खांद्याकडे, ३० सेकंद, तीन वेळा. एरवी इथे डावा हात खुर्चीखाली धरून खांदा खाली ओढायला सांगतात. नस दुबळी असलेल्या खांद्याला ते करायचे नाही. हात नुसता मांडीवर, खाली उशी.

उजवा तळहात डाव्या कॉलरबोनखाली ठेवून कातडी खाली धरायची, ओठ मिटून वर बघायचे. तळहात नसेल तर छातीची कातडी वर सरकते आणि मानेला ताण मिळतच नाही. छातीचा स्नायू वळवून घेतलेल्या रुग्णांत हीच पायरी सगळ्यात जास्त चुकते.

दाराच्या चौकटीत कोपर खांद्याच्या खाली ठेवून छाती पुढे, २० सेकंद, तीन वेळा.

ओढ दहापैकी तीन-चार वाटावी. अर्ध्या तासात ती पूर्ण जायला हवी. दुसऱ्या दिवशी सकाळी मान जास्त ताठ वाटली तर आदल्या दिवशीची मात्रा जास्त झाली, त्या दिवशी निम्मे करायचे. तासभर एकदाच केलेल्या व्यायामापेक्षा दिवसात पाच वेळा सहा-सहा मिनिटे जास्त देतात, कारण ही ऊती मोकळी केली की दोन-तीन तासांत परत आवळते. यांच्यासाठी वेळा कामाला बांधल्या : सकाळच्या चहानंतर, गाडी भरताना, घाट उतरून चहाला थांबल्यावर, मार्केटात माल उतरत असताना, झोपताना. मोबाइलच्या गजरावर ठेवलेले व्यायाम आठवडाभर टिकतात, चहाला बांधलेले टिकून राहतात.

तोंडासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. दोन्ही दातांच्या रांगांमध्ये सुरुवातीला १४ काड्यांचा गठ्ठा मावला. ३० सेकंद ठेवायचा, पाच वेळा, दिवसातून तीनदा. त्रास न होता तीन दिवस मावला की एक काडी वाढवायची. एक काडी साधारण दीड मिलिमीटर. जबड्याचा भाग काढलेला असल्याने सर्जन आणि डेंटिस्ट दोघांची परवानगी घेतली, आणि काड्या हलत्या दातावर टेकू दिल्या नाहीत. लाइट घेतलेल्या जबड्यातला दात परस्पर काढणे फार महागात पडते. हाड सडू शकते.

ताकद तिसऱ्या आठवड्यापासून : दोन्ही फरे मागे जवळ आणणे, मग रबरी पट्ट्याने ओढणे, दहाचे दोन संच, दिवसाआड. कपाळावर तळहात ठेवून फक्त वीस टक्के जोराने ढकलणे, पाच सेकंद, पाच वेळा. क्रेट उचलायचे काम हमालाकडे गेले. हे त्यांच्या जिवावर आले होते, कारण हमाली खिशातून जाते. पण यातून सुटका नव्हती.

झोपताना दोन उशांऐवजी एक पातळ उशी आणि मानेखाली गुंडाळलेला टॉवेल. गाडीत सीट पुढे घेतली आणि डावीकडे गोल फुगीर आरसा लावला. मान ५० अंश वळू लागेपर्यंत घाटात शेजारी क्लीनर बसवायचे ठरले.

औषधांबाबत थोडक्यात. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर सातव्या आठवड्यापासून गोळे येणे निम्म्यावर आले. उरलेल्या ओढीसाठी डॉक्टरांनी रात्री प्रीगॅबालिन (नसांच्या दुखण्यावरचे औषध) दिले. त्याने झोप आणि गुंगी येते, त्यामुळे शनिवारी रात्री सुरू केले, रविवारी गाडी नाही, आणि सकाळी डोके हलके आहे हे कळेपर्यंत घाट नाही. फायब्रोसिससाठी पेंटॉक्सिफायलीन (रक्तप्रवाह सुधारणारे औषध) आणि व्हिटॅमिन ईची जोडी काही ठिकाणी देतात, पुरावा माफक आहे, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर विचारूनच. स्नायू सतत वळत असेल तर बोटॉक्सचे इंजेक्शन कामी येते, साधारण तीन महिने टिकते. पण गिळण्याच्या स्नायूंपर्यंत पसरले तर ठसका लागतो. यांना पाणी पिताना आधीच ठसका लागत होता, म्हणून इंजेक्शन मागे ठेवले आणि गिळण्याच्या तपासणीसाठी स्पीच थेरपिस्टकडे पाठवले.

कुठे घसरले

दुसऱ्या महिन्यात मान सुधारते आहे म्हणताच त्यांनी क्लीनरला मागून डोके धरून ओढायला सांगितले. चार दिवस मान सुजली, गोळे परत आले, आठवड्याभराचा फायदा गेला. अशा मानेला दुसऱ्याच्या हाताचा जोर कळत नाही, कारण बधिर जागेत ओढ उशिरा जाणवते. ओढणारा हात स्वतःचाच असावा.

सहाव्या महिन्यात टोमॅटोचा हंगाम तेजीत आला आणि तीन आठवडे काही झाले नाही. वहीत डावीकडचे वळण आठ अंशांनी उतरले. परत मिळवायला पाच आठवडे लागले. आधी त्यांना हे अन्यायाचे वाटले. वही समोर ठेवून आकडे दाखवल्यावर पुन्हा काही सांगावे लागले नाही.

नवव्या महिन्यातल्या नोंदी : डावीकडे ५२, उजवीकडे ५८, मागे ३४. तोंड २९ मिलिमीटर, म्हणजे १९ काड्या. खांदा स्वतःहून १२०. हनुवटीखालची सूज सकाळी थोडी, आंघोळीपर्यंत जाते. जबड्याखालचा पाटासारखा पट्टा होता तसाच आहे. तो मऊ होईल असे सांगितलेही नव्हते. टीएसएच आता नेहमीच्या मर्यादेत, डॉपलर आणि सर्जनची तपासणी ठरलेल्या तारखांना. क्लीनर आता फक्त पावसात, धुके असले की बसतो. भाकरी अजून दुधात कुस्करूनच लागते. जांभई मात्र आता पूर्ण देता येते; दाढीला बसल्यावर सलूनवाल्याचा हात मानेकडे गेला की ते आपला हात आडवा करतात.